नागपुराकडील प्रौढशिक्षणाचीं कागदपत्रें

जुन्या पोथ्यांच्या शोधांत नागपूर-वऱ्हाडाकडे हिंडणारास एक अनुभव वारंवार येतो. पोथी रुमालांत असते, रुमालाच्या आंत फळ्या असतात, आणि फळी व पहिलें पान यांच्यामध्यें अलीकडचा एखादा छापील कागद घातलेला असतो. तो बाजूस सारून आपण पोथीस हात घालतों. आम्हींही वर्षानुवर्षें असेंच केलें. नागपुराजवळच्या एका गांवीं मिळालेला रुमाल असाच सोडला, तों आंत पांडवप्रताप निघाला. पांडवप्रतापाच्या नकला किती आहेत हें वाचकांस सांगावयास नको. वरचा कागद म्हणजे मोठ्या ठशांचा, चित्रें असलेला अक्षरांचा तक्ता होता, व त्याच्या कोऱ्या बाजूवर कोणा प्रौढ मनुष्याच्या जड हातानें एकच नांव पुनःपुन्हा गिरविलेलें होतें. पोथी आम्हीं घरीं आणली. तक्ता तेथेंच टाकला. प्रस्तुत लेख त्या चुकीपोटीं लिहिला आहे.

प्रौढशिक्षणाचे तक्ते, पहिलीं पुस्तकें, नवसाक्षरांकरितां छापलेल्या चोपड्या, वर्गांचीं हजेरीपत्रकें आणि शिकणारांच्या वह्या हा सर्व संभार संग्राहकांच्या दृष्टीनें आजवर रद्दींत मोडत आला. त्याचीं कारणें दोन. हीं कागदपत्रें फार अलीकडचीं, हें एक. आणि तीं केवळ स्थानिक, हें दुसरें. दोन्ही समजुती खऱ्या नाहींत. त्यांतील जुनीं आतां पाऊणशें-नव्वद वर्षांचीं झालीं, व त्यांचा कागद पेशवाईंतल्या हातकागदापेक्षां किती तरी लवकर ठिसूळ होतो. स्थानिकपणाविषयीं म्हणावें, तर नागपुराकडचा एखादा साधा तक्ता नीट वाचूं गेल्यास त्यांत फिलिपाइन्समधील एका सरोवराचा कांठ, सिंहलद्वीप व डेन्मार्क यांच्याशीं जोडलेले धागे सांपडतात. देशादेशांतील सहकार्यानें मोठ्या माणसांस शिकविण्याच्या उद्योगाचा हा आपल्या घरांत पडलेला पुरावा होय.

परदेशी धागा म्हटला म्हणजे हा उद्योगच परका, असें मात्र कोणीं समजूं नये. जोतिराव व सावित्रीबाई फुले यांनीं इ. स. १८५५ मध्यें पुण्यास कष्टकरी स्त्रीपुरुषांकरितां रात्रीची शाळा घातली, तेव्हां पुढें ज्याचें नांव येणार आहे त्या लॉबाकचा जन्महि झाला नव्हता. बाहेरून आली ती शिकविण्याची एक रीत, आणि त्याहून अधिक म्हणजे पत्रव्यवहाराची व माणसांच्या येण्याजाण्याची संवय.

फ्रँक लॉबाक (१८८४–१९७०) हा अमेरिकन मिशनरी. फिलिपाइन्सच्या मिंदानाव बेटावर लानाव नांवाचें सरोवर आहे. त्याच्या कांठीं राहणाऱ्या मारानाव नांवाच्या मुसलमान लोकांत त्यानें इ. स. १९३० पासून साक्षरतेचें काम चालविलें. त्या भाषेंतील सर्व व्यंजनें ज्यांत येतील असे अवघे तीन शब्द त्यानें निवडले, व प्रत्येक अक्षराचा स्वर पालटीत पालटीत वाचन शिकविलें. व्यंजन तेंच ठेवून स्वर फिरविणें ही आमच्या दृष्टीनें बाराखडीच होय. फरक इतकाच, कीं आपली बाराखडी निरर्थक अक्षरांपासून निघते व त्याची ओळखीच्या शब्दापासून. पुढें अमेरिकेंत मंदी आली, मिशनचा पैसा आटला, आणि पगारी शिक्षक ठेवणें अशक्य झालें. तेव्हां तेथील एका सरदारानें असा आग्रह धरला, कीं जो शिकला त्यानें दुसऱ्यास शिकविलेंच पाहिजे. 'एकानें एकास शिकवावें' हें सूत्र जगभर गेलें तें या अडचणींतून. सूत्राचा जन्म द्रव्याच्या अभावांतून झाला ही गोष्ट चळवळीचे इतिहासकार ओझरती सांगतात. आम्हांस ती फार महत्त्वाची वाटते, कारण तक्त्याची घडण तिच्यावरच अवलंबून आहे.

ती घडण अशी. तक्त्याच्या एका बाजूस परिचित वस्तूचें चित्र असतें. त्यापुढें त्या वस्तूचें नांव, व त्यापुढें नांवांतील पहिलें अक्षर सुटें. साधेल तेथें चित्राचा आकार अक्षराच्या आकारासारखा काढलेला असतो, म्हणजे चित्र झांकलें तरी अक्षर पाहतांच तें आठवतें. शिकविणारा समोर उभा राहत नाहीं. शेजारीं बसतो, बोट ठेवतो आणि शक्य तितकें कमी बोलतो. पहिला धडा इतका लहान केलेला असतो, कीं शिकणारानें तो त्याच दिवशीं तिसऱ्या माणसास शिकवावा. म्हणून तक्ता एकट्याच्या मालकीचा राहत नसे. तो हातोहात फिरे, घडीवर फाटे, खळीनें डकविला जाई, आणि अखेरीस एखाद्या पोथीच्या रुमालांत जाऊन बसे.

देवनागरींत हें सारें सरळ उतरत नाहीं. रोमन लिपींत पंचविसाच्या आसपास अक्षरें; येथें व्यंजनें, त्यांवरच्या मात्रा, वेलांट्या, उकार आणि वर जोडाक्षरें. धूळपाटीवर ओनामा घोकणाऱ्या पोराजवळ वेळ पुष्कळ असतो. दिवसभर औत धरून रात्रीं कंदिलापाशीं येणाऱ्या कुणब्याजवळ तो नसतो. म्हणून मराठी व हिंदी तक्त्यांत अक्षरांचा क्रम वर्णमालेचा नसतो. जीं अक्षरें बोलण्यांत फार येतात तीं आधीं, आणि जोडाक्षरें अगदीं शेवटीं. क, ख, ग या क्रमानें जाणारा तक्ता बहुधा मुलांच्या शाळेचा समजावा.

लॉबाक इ. स. १९३५ मध्यें हिंदुस्थानांत आला. त्या व नंतरच्या दौऱ्यांत ठिकठिकाणच्या शिक्षकांच्या मदतीनें येथील अनेक भाषांचे पाठ तयार झाले. त्यांत मराठीहि होती. नागपूरचा संबंध येतो तो येथें. हिंदुस्थान, ब्रह्मदेश व सिंहलद्वीप या तिन्ही देशांतील प्रॉटेस्टंट मंडळ्यांची मिळून जी नॅशनल ख्रिश्चन कौन्सिल होती, तिचें ठाणें नागपुरास, ख्रिश्चन कौन्सिल लॉजमध्यें होतें, व या कामास तिचा पाठिंबा होता. तिच्यामार्फत एका प्रांताचा अनुभव दुसऱ्या प्रांतास कळे. 'इंडिया शॅल बी लिटरेट' हें लॉबाकचें पुस्तक इ. स. १९४० मध्यें जबलपूरच्या मिशन छापखान्यांत छापलें गेलें. जबलपूर त्या वेळीं याच प्रांतांत होतें. मिशनांचा हेतु धर्मप्रसाराचा होता हें उघड आहे, व तो कोणीं लपविलेलाहि नाहीं. परंतु तक्त्यावरून नांव लिहावयास शिकलेल्या मनुष्यानें सावकाराचा कागद वाचला कीं बायबल, हें तक्ता ठरवीत नव्हता.

नागपुराहून वर्धा सुमारें ७५ किलोमीटर. इ. स. १९३५ मध्यें महात्मा गांधी तेथें राहावयास आले होते, व लॉबाक त्यांस तेथें भेटला. अक्षरज्ञानाच्या प्रसाराविषयीं गांधींनीं प्रथम शंकाच दाखविली, असें लॉबाकनें लिहून ठेविलें आहे. त्यांत नवल नाहीं. साक्षरता म्हणजे शिक्षण नव्हे, तें शिक्षणाचें एक साधन आहे, हें मत गांधींनीं पुढें इ. स. १९३७ मध्यें 'हरिजन'मध्यें स्पष्टच मांडलें. त्याच वर्षीं २२ व २३ ऑक्टोबर या दिवशीं वर्ध्यास राष्ट्रीय शिक्षणाची परिषद भरली व तींतून नई तालीम निघाली. आरंभीं ती मुलांपुरती होती. गांधी तुरुंगांतून सुटल्यावर, जानेवारी १९४५ च्या सेवाग्राम परिषदेंत, तिचा व्याप जन्मापासून मरणापर्यंत वाढविण्यांत आला व प्रौढशिक्षण तिचें स्वतंत्र अंग झालें. ज्यास हल्लीं आजीवन शिक्षण म्हणतात, तें नागपूरच्या शेजारीं या रूपानें मांडलें गेलें होतें.

सेवाग्रामचें हें काम सर्वस्वीं देशी, अशी एक समजूत आहे. ती तपासून घ्यावी. हिंदुस्थानी तालीमी संघाचे चिटणीस ई. डब्ल्यू. आर्यनायकम् हे सिंहलद्वीपचे तामीळ. ते पूर्वीं शांतिनिकेतनांत होते, व इ. स. १९३० मध्यें रवींद्रनाथ ठाकूर रशियास गेले तेव्हां त्यांच्याबरोबर होते. रशियांतील शेतकरी व कामकरी यांच्या शिक्षणानें रवींद्रनाथ किती प्रभावित झाले, हें त्यांच्या रशियाच्या पत्रांवरून सर्वांस ठाऊक आहे. तेंच दृश्य सेवाग्रामच्या या चालकानेंहि पाहिलें होतें. त्यांच्या पत्नी आशादेवी बंगाली. मार्जरी साइक्स या इंग्रज बाई इ. स. १९२८ मध्यें मद्रासच्या एका मुलींच्या शाळेंत शिकविण्यास आल्या, तेथून शांतिनिकेतनास व तेथून सेवाग्रामास गेल्या. तेव्हां लॉबाकचा तक्ता आणि सेवाग्रामचा चरखा हे एकमेकांस उत्तर देत असले, तरी दोहोंच्या पाठीमागें समुद्रापलीकडून आलेलीं माणसें होतीं. आमचें मत असें, कीं सेवाग्रामची टीका खोल होती. परंतु रात्रींच्या वर्गांत तक्ताच अधिक टिकला, कारण तो घडी घालून बगलेंत मारतां येई.

स्वातंत्र्यानंतर सरकार या कामांत उतरलें. मध्यप्रांत व वऱ्हाडाची राजधानी नागपूर, तेथून इ. स. १९४८ च्या सुमारास समाजशिक्षणाची योजना चालू झाली. प्रांत द्विभाषी, म्हणून तिचे कागद मराठींत व हिंदींतहि आढळतात. मराठीचे संग्राहक हिंदी चोपड्या टाकून देतात, हें बरोबर नाहीं. दोन्ही एकाच योजनेच्या. त्याच सुमारास युनेस्कोनें जून १९४९ मध्यें डेन्मार्कांत एल्सिनोर येथें प्रौढशिक्षणाची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरविली. एल्सिनोरची निवड साजेशी होती: ग्रुंटविगच्या विचारांतून निघालेलीं डेन्मार्कचीं लोकविद्यालयें इ. स. १८४४ पासूनचीं, व पेटर मानिकेनें सर्व देशांच्या लोकांसाठीं काढलेलें विद्यालय इ. स. १९२१ पासून त्याच गांवीं होतें. त्याच वर्षीं राधाकृष्णन् समितीनें आपल्या अहवालांत ग्रामीण विद्यापीठांची शिफारस करतांना या डॅनिश शाळांचा दाखला दिला, आणि नोव्हेंबर-डिसेंबरांत युनेस्कोचें ग्रामीण प्रौढशिक्षणावरील चर्चासत्र म्हैसुरास झालें. पुढें इ. स. १९६५ ची तेहरानची परिषद, ८ सप्टेंबर हा साक्षरतेचा दिवस, इ. स. १९७८ चा राष्ट्रीय कार्यक्रम, इ. स. १९८८ चें साक्षरता मिशन, इ. स. २०२२ ची माराकेशची परिषद हा क्रम वाचकांस इतरत्र मिळेल.

आम्हांस सांगावयाचें तें निराळें आहे. परिषदांचे अहवाल पॅरिसला जतन झाले. लॉबाकचे कागद अमेरिकेंत सिराक्यूज विद्यापीठांत आहेत. म्हणजे शिकविणारांची बाजू परदेशीं सुरक्षित आहे. शिकणारांची बाजू आपल्या माळ्यांवर, कोनाड्यांत व रद्दीवाल्याच्या तराजूंत आहे. दोन्ही एकत्र ठेवल्यावांचून या व्यवहाराचा इतिहास लिहितां यावयाचा नाहीं, व पहिल्या बाजूची वाट पाहण्याची गरज नाहीं; तिला वाळवी लागलेली नाहीं.

यांपैकीं पुष्कळ कागदांवर साल नसतें. तें काढण्याच्या कांहीं खुणा सांगतों. 'मध्यप्रांत व वऱ्हाड' असें असल्यास कागद २६ जानेवारी १९५० च्या पूर्वींचा; नागपूरचाच कागद 'मध्यप्रदेश' म्हणत असल्यास त्यानंतरचा व ऑक्टोबर १९५६ पर्यंतचा; 'मुंबई राज्य' असल्यास १ मे १९६० पूर्वींचा. किंमत आण्यांत असेल तर बहुधा एप्रिल १९५७ च्या अलीकडे येऊं नये. 'नवे पैसे' असतील तर १९५७ ते १९६४. 'समाजशिक्षण' हा शब्द देशभर रूढ झाला तो १९४९ पासून. 'अि', 'अु', 'अे' अशीं रूपें दिसल्यास वर्ध्याकडील लिपिसुधारकांचा हात ओळखावा, पण सावरकरांच्या अनुयायांनींहि तशींच रूपें वापरलीं हें ध्यानांत ठेवावें. अनुच्चारित अनुस्वार गाळलेले असतील तर कागद बहुधा १९६२ च्या नियमांनंतरचा; मात्र ही खूण एकटी पुरेशी नाहीं, आमच्यासारखे जुन्या वळणाचे लोक अजून आहेत.

मोडीचा प्रश्न संग्राहकांस विशेष जवळचा. हे तक्ते बाळबोधांत असतात. परंतु कागदाच्या पाठीवर कधीं मोडींत आंकडे, उधारीची नोंद किंवा सही सांपडते. तसें असल्यास तो कागद निरक्षराच्या घरचा नव्हता, तर जुनें अक्षर जाणणाऱ्या व नवें शिकूं पाहणाऱ्या घरचा होता, असा तर्क करण्यास जागा राहते. अशा पाठी पुसूं नयेत, व डकविलेला कागद उकलण्यापूर्वीं दोन्ही बाजूंचें छायाचित्र घ्यावें. ज्या पोथीच्या रुमालांत तक्ता सांपडला तिचें नांव, गांव व दिनांक त्याच वेळीं टिपून ठेवावा. मागाहून आठवत नाहीं.

सर्वांत दुर्मिळ तीं हजेरीपत्रकें. तीं कोणी मुद्दाम ठेवीतच नसे. एखादें मिळाल्यास पानें सुटीं करूं नयेत, क्रम मोडूं नये. पहिल्या महिन्यांत प्रत्येक नांवापुढें आंगठा असतो. पुढच्या एखाद्या पानावर कोठें कोठें आंगठ्याशेजारीं वांकडी सही येते. आणि कांहीं नांवांपुढें शेवटपर्यंत आंगठाच राहतो.