आवाजाची सावली

बाळांनो, मे महिन्यात आपल्या सोलापुरात विहिरीत सूर मारला की काय होतं? वरचं पाणी कोमट लागतं आणि खाली गेलं की एकदम गारवा झोंबतो. समुद्रातही असेच थर असतात, आणि त्यांच्याच आडोशाला पाणबुडी दडते.

कशी, ते ऐका. समुद्रात उजेड फार खोल जात नाही, रेडिओच्या लहरीही लगेच विरतात. आवाज मात्र सेकंदाला सुमारे १५०० मीटर धावतो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त वेगानं. म्हणून पाणबुडी कानांनी शोधायची. आवाजावरून शोध घेणाऱ्या यंत्राला सोनार म्हणतात. पण गार पाण्यात आवाज मंदावतो आणि त्याच बाजूला वाकतो. दुपारी वरचं पाणी तापलं की जहाजानं सोडलेला आवाज खाली वळतो. काही अंतरापुढे वरच्या पाण्यात तो पोचतच नाही. तिथे आवाजाची सावली पडते!

मग शोधायचं कुणी? युद्धनौका दिवसचे दिवस समुद्रात राहते, मोठा सोनार वागवते; पण तिच्या इंजिनांचा आवाज वैऱ्यालाही ऐकू जातो. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळ आपली ‘खुकरी’ ही युद्धनौका पाणबुडीच्याच शोधात होती. पाकिस्तानच्या ‘हंगोर’ पाणबुडीनं तिला आधी हेरलं आणि पाणतीर सोडले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्लांसह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक आपण गमावले.

विमानाला पाणतीराचं भय नाही. गोव्याच्या ‘हंसा’ तळावरचं पी-८आय बघता बघता शेकडो किलोमीटर पालथे घालतं आणि सोनोबॉय टाकतं. ते पाण्यावर तरंगतात, त्यांचा कान खाली खोल सोडलेला असतो. पण इंधन सरत आलं की विमानाला परतावंच लागतं.

तिसरी शिकारी पाणबुडीच. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली, २०१७ मध्ये नौदलात आलेली ‘कलवरी’ थराखाली उतरून मुकाट्यानं कानोसा घेते. मात्र तिचा वेग बेताचा, आणि खोल पाण्यातून तळाला निरोप धाडणं अवघड.

म्हणून तिघांत श्रेष्ठ कोण, हा प्रश्नच सोडा. विमानानं हुडकावं, नौकेनं हेलिकॉप्टरसह पाठ धरावी, पाणबुडीनं खोलात दबा धरावा, तेव्हाच शिकार साधते.

दहावीत प्रकाशाचं अपवर्तन शिकाल. आवाजही तसाच वाकतो. तो धडा नुसता पाठ करू नका, नीट समजून घ्या. समुद्रावर त्याच नियमावर माणसांचे जीव अवलंबून असतात.