निविदेचा पहिला लिफाफा

महाराष्ट्रात २९ महानगरपालिका, ३४ जिल्हा परिषदा, शेकडो नगरपरिषदा व नगरपंचायती आणि जवळपास २८ हजार ग्रामपंचायती आहेत; शाळेच्या बाकांपासून नाल्याच्या संरक्षक भिंतीपर्यंत आणि पथदिव्यांच्या देखभालीपासून जंतुनाशक पावडरीपर्यंत असंख्य वस्तू, सेवा आणि कामे या संस्थांना दरवर्षी बाहेरून घ्यावी लागतात. एकट्या बृहन्मुंबई महानगरपालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४ हजार कोटी रुपयांहून अधिक होता. एवढा मोठा ग्राहक दाराशी असूनही लहान उद्योजक त्याच्यापासून लांब राहतो, कारण ही कामे ओळखीवरच मिळतात, असे त्याने ऐकलेले असते. हे ऐकीव मत निराधार नाही. संगनमताने भरलेले दर आणि एखाद्यालाच डोळ्यांपुढे ठेवून बेतलेल्या अटी हे प्रकार घडतात आणि त्यांच्यावर न्यायालयांत वादही झाले आहेत. तथापि निविदेची रचना बारकाईने पाहिली, तर नवखा उद्योजक अनेकदा दराच्या स्पर्धेपर्यंत पोहोचतच नाही, त्याआधीच कागदपत्रांच्या छाननीत बाद होतो, असे दिसते. आणि ही अडचण त्याच्या स्वतःच्या आवाक्यातली आहे.

निविदा म्हणजे ठरावीक अटींवर काम किंवा पुरवठा करण्यासाठी मागवलेला लेखी देकार. बहुतेक स्थानिक संस्था दोन लिफाफ्यांची पद्धत वापरतात. पहिल्या, म्हणजे तांत्रिक लिफाफ्यात नोंदणी, अनुभव, उलाढाल, करभरणा आणि बयाणा रक्कम यांचे पुरावे असतात. दुसऱ्या, म्हणजे आर्थिक लिफाफ्यात दर असतो. पहिल्यात जो अपात्र ठरतो त्याचा दुसरा लिफाफा उघडलाच जात नाही, मग त्याचा दर कितीही रास्त असो. बयाणा रक्कम ही देकार गांभीर्याने दिला आहे याची हमी असते. काम न मिळाल्यास ती परत येते, मात्र देकार दिल्यावर माघार घेतल्यास जप्त होते. आता हे लिफाफे कागदी राहिलेले नाहीत. राज्य शासनाच्या महाटेंडर्स या संकेतस्थळावर ते डिजिटल स्वाक्षरी प्रमाणपत्राच्या साहाय्याने चढवावे लागतात, सांकेतिक रूपात बंद राहतात आणि नेमलेल्या अधिकाऱ्यांच्या डिजिटल किल्ल्यांनीच उघडतात. मुदत संकेतस्थळाच्या घड्याळाप्रमाणे संपते, त्यामुळे शेवटच्या तासाभरात कागद चढवायला बसलेल्याची अर्धवट राहिलेली निविदा कोणी विचारात घेत नाही. दराचा तक्ता, ज्याला या व्यवसायात सर्वजण ‘बीओक्यू’ म्हणतात, संस्थेने दिलेल्या फाइलमध्येच भरायचा असतो. त्या फाइलचे नाव किंवा रचना बदलली तर ती स्वीकारली जात नाही.

कागदपत्रांतील चुका बहुधा साध्या असतात. अनुभवाचा दाखला मागितलेला असताना केवळ कार्यारंभ आदेश, म्हणजे काम सुरू करण्याचे पत्र, जोडले जाते. पण त्यावरून काम मिळाल्याचे कळते, पूर्ण झाल्याचे नाही. सनदी लेखापालाचे उलाढालीचे प्रमाणपत्र मागितलेल्या वर्षांऐवजी भलत्याच वर्षांचे असते. याहून मोठा गोंधळ सूक्ष्म व लघू उद्योगांच्या सवलतींबाबत होतो. केंद्र सरकारच्या २०१२ च्या खरेदी धोरणानुसार केंद्रीय मंत्रालये आणि सार्वजनिक उपक्रमांनी वार्षिक खरेदीपैकी किमान २५ टक्के खरेदी (मूळ आदेशात २० टक्के) या उद्योगांकडून करावी आणि त्यांना बयाणा रकमेतून सूट द्यावी, असे ठरले आहे. हे धोरण महानगरपालिकेला किंवा जिल्हा परिषदेला आपोआप लागू होत नाही. राज्याच्या स्वतंत्र खरेदी धोरणात लघुउद्योगांसाठी तरतुदी आहेत, परंतु तो वस्तुखरेदीचा विषय आहे, बांधकामाचा नव्हे. उद्यम नोंदणीचे प्रमाणपत्र जोडले म्हणजे बयाणा भरायला नको, असे गृहीत धरणारा ठेकेदार पहिल्याच लिफाफ्यात बाद होण्याचा धोका पत्करतो. सूट आहे की नाही, याचे उत्तर त्या विशिष्ट निविदेच्या अटींतच शोधावे लागते.

काम शोधण्याचा खरा काळ निविदा प्रसिद्ध होण्याच्या आधीचा असतो. कोणतेही सार्वजनिक काम अर्थसंकल्पातील तरतूद, खर्चाला संमती देणारी प्रशासकीय मान्यता आणि आराखडा व अंदाजपत्रक तपासणारी तांत्रिक मान्यता या पायऱ्या चढून निविदेपर्यंत येते, आणि यांपैकी बराच मजकूर सार्वजनिक असतो. महानगरपालिकेचा अर्थसंकल्प साधारणपणे फेब्रुवारी-मार्चमध्ये मांडला जातो. स्थायी समितीच्या कार्यक्रमपत्रिकेत मोठ्या कंत्राटांचे प्रस्ताव येतात. ग्रामपंचायतींचे विकास आराखडे ई-ग्रामस्वराज या संकेतस्थळावर पाहता येतात. येत्या वर्षात प्रभागातील चार शाळांच्या स्वच्छतागृहांची दुरुस्ती होणार आहे, हे ज्याने मार्चमध्येच वाचले, त्याला लागणारा अनुभवाचा दाखला, परवाना किंवा भागीदार जमवायला काही महिने मिळतात. जाहिरात पाहून जागा होणाऱ्याच्या हाती जेमतेम पंधरा-वीस दिवस उरतात, आणि काही निविदांत तेवढेही नाहीत. वस्तू व सेवांच्या पुरवठादाराने महाटेंडर्सबरोबरच २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘जेम’ या केंद्रीय खरेदी-बाजारावरही नोंदणी करावी, कारण राज्यांतील कार्यालयेही त्यावरून खरेदी करतात. बांधकामात पडणाऱ्याने सार्वजनिक बांधकाम विभागाची किंवा त्या संस्थेची ठेकेदार नोंदणी आधी मिळवावी. कोणत्या रकमेपर्यंतची कामे भरता येतील, हे नोंदणीच्या वर्गावर ठरते. जिल्हा परिषदेची छोटी कामे सुशिक्षित बेरोजगार अभियंते आणि मजूर सहकारी संस्था यांच्यासाठी राखून कामवाटप समितीमार्फत दिली जातात. नव्या अभियंत्याला पहिला दाखला मिळवून देणारा हा सर्वांत सरळ मार्ग आहे. एक सावधगिरी येथेच सांगायला हवी: महानगरपालिकेचा नगरसेवक किंवा ग्रामपंचायतीचा सदस्य यांचा त्याच संस्थेच्या कंत्राटात प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असेल, तर संबंधित कायद्यांनुसार त्याचे सदस्यत्व जाऊ शकते, त्यामुळे भागीदारी करताना भागीदार कोण आहे, हे पाहणे व्यवसायाइतकेच कायद्याच्याही दृष्टीने आवश्यक आहे.

अटी अन्यायकारक असतील, तर त्यांच्याविरुद्ध बोलण्याची जागा निविदापूर्व बैठक ही आहे. या बैठकीत इच्छुकांनी लेखी हरकती मांडायच्या असतात आणि त्या पटल्यास शुद्धिपत्रक काढून अट बदलली जाते. हरकत वेळेवर घेण्याचे महत्त्व भारतीय कायद्याच्या इतिहासात मुंबईच्याच एका प्रकरणाने अधोरेखित केले आहे. मुंबई विमानतळावरील दुसऱ्या दर्जाचे उपाहारगृह चालवण्यासाठी १९७७ मध्ये निविदा मागवताना, देकार देणारा किमान ५ वर्षांचा अनुभव असलेला नोंदणीकृत दुसऱ्या वर्गाचा हॉटेलचालक असावा, अशी अट घालण्यात आली होती. प्रत्यक्षात ही पात्रता नसलेल्या व्यावसायिकाचा देकार स्वीकारला गेला. रमण दयाराम शेट्टी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये निर्णय दिला, की सरकारी संस्थेने स्वतः जाहीर केलेल्या निकषांना ती स्वतः बांधील आहे आणि ते मनमानीने बाजूला सारता येत नाहीत. तत्त्व मान्य झाले, पण याचिकाकर्त्याला दाद मिळाली नाही, कारण याचिका उशिरा आली होती आणि तोवर ठेकेदाराने उपाहारगृहावर खर्च केला होता. पुढे १९९४ च्या टाटा सेल्युलर प्रकरणात न्यायालयाने स्पष्ट केले, की ते निर्णयाचे नव्हे तर निर्णयप्रक्रियेचे परीक्षण करते. ज्याला तक्रार करायची आहे, त्याने ती काम सुरू होण्याची वाट न पाहता करावी, हा या दोन्ही निकालांचा व्यावहारिक अर्थ आहे.

दराच्या बाबतीत सर्वाधिक नुकसान धाडसाने होते. बांधकामाचे अंदाजपत्रक शासकीय दरसूचीवरून तयार होते आणि अनेक निविदांत ठेकेदाराला त्या रकमेपेक्षा किती टक्के कमी वा जास्त, एवढेच लिहायचे असते. पंचवीस-तीस टक्के ‘बिलो’ भरून काम खेचण्याची चढाओढ सर्वत्र दिसते. ठरावीक मर्यादेपेक्षा दर कमी भरल्यास अतिरिक्त सुरक्षा अनामत द्यावी लागते, आणि अशा कामाची कसर बहुधा सिमेंटमध्ये काढली जाते. अशा रस्त्याचे खड्डे मग दोष दायित्व कालावधीत, म्हणजे काम संपल्यानंतरच्या ठरलेल्या मुदतीत, त्याच ठेकेदाराला स्वखर्चाने बुजवावे लागतात.

दर ठरवताना हाती येणारी रक्कम मोजणे अधिक महत्त्वाचे आहे. उदाहरणादाखल वस्तू व सेवा कर वगळून २० लाख रुपयांचे गटाराचे काम एका वैयक्तिक ठेकेदाराला मिळाले, असे धरले तर ५ टक्के सुरक्षा अनामत बिलातून कापली गेल्यास १ लाख रुपये अडकतात. कराराची रक्कम अडीच लाखांहून अधिक असल्याने वस्तू व सेवा कराच्या उगम कपातीपोटी २ टक्के, म्हणजे ४० हजार रुपये जातात. प्राप्तिकराच्या उगम कपातीचे १ टक्का आणि बांधकाम कामगार कल्याण उपकराचे १ टक्का, असे आणखी ४० हजार. म्हणजे बिल पूर्ण मंजूर होऊनही १ लाख ८० हजार रुपये त्या दिवशी हातात येत नाहीत. दोन्ही करांच्या कपाती पुढे विवरणपत्रांद्वारे जमा होतात आणि अनामत दोष दायित्व संपल्यावर परत येते, पण मजुराचा पगार आणि खडी-वाळूवाल्याची उधारी तोवर थांबत नाही. मोजमाप पुस्तिकेत नोंद झाल्याशिवाय बिल तयार होत नाही आणि निधी नसेल तर तयार बिलही पडून राहते. म्हणून नवख्याने आपल्या खेळत्या भांडवलाच्या मर्यादेतच, लहान कामापासून सुरुवात करावी. एक वेळेत पूर्ण केलेले काम आणि त्याचा स्वच्छ दाखला पुढच्या तीन निविदांत उपयोगी पडतो.

थकलेल्या पैशासाठी सूक्ष्म व लघू उद्योगांना २००६ च्या कायद्याचा आधार आहे. त्यानुसार माल किंवा सेवा स्वीकारल्यापासून कमाल ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने दरमहा चक्रवाढ व्याज लागते आणि वादासाठी सुविधा परिषदेकडे जाता येते. बांधकामाच्या संमिश्र कंत्राटांना हा कायदा लागू होतो का, यावर न्यायालयांत वाद झालेला असल्याने वस्तू आणि सेवांच्या पुरवठादारांसाठी हे संरक्षण अधिक भक्कम आहे. मात्र सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केल्याप्रमाणे करार झाल्यानंतर केलेल्या नोंदणीचा लाभ मागील व्यवहारांना मिळत नाही. उद्यम नोंदणी विनाशुल्क आणि ऑनलाइन होते. पहिली निविदा भरण्याचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने ती त्याआधीच करून घ्यावी.