जुन्या ट्रकची बॅटरी बदलण्याआधी अर्थिंग तपासा

बेळगाव : चोर्ला घाटात रात्री हेडलाईट मंद झाली किंवा सकाळी सेल्फ नुसता ‘टक्’ करून थांबला, की जुन्या ट्रकचे मालक आधी बॅटरी बदलतात. दोष मात्र अनेकदा गंजलेल्या अर्थिंगमध्ये असतो.

मोठ्या ट्रकमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट मिळतात. गाडी रात्रभर बंद ठेवून मल्टिमीटर लावावा. दोन्ही मिळून २५ च्या वर दिसले तर चार्ज ठीक. इंजिन चालू केल्यावर आकडा साधारण २८ पर्यंत चढायला हवा. नाही चढला तर अल्टरनेटर आणि त्याचा पट्टा पाहावा.

हे ठीक असेल तर गाडी न्यूट्रलला ठेवून मीटरची एक पिन चासीला जोडलेल्या निगेटिव्ह टर्मिनलवर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर धरावी आणि सेल्फ मारायला सांगावे. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसले, तर बॅटरी सोडवून अर्थिंगची जोडणी घासून पुन्हा घट्ट आवळावी.

फ्यूज सारखा उडत असेल तर तिथे तांब्याची तार कधीच घालू नये. बहुतेक वेळा कुठेतरी सोललेली वायर चासीला टेकत असते. तार घातली की फ्यूजऐवजी वायरिंग जळते, आणि केबिन पेटायला वेळ लागत नाही.