पायाखालची अक्षरे

विद्युत् गिटार वाजविणाऱ्याचे दोन्ही हात तारांवर गुंतलेले असतात; त्यामुळे स्वराला धार द्यावयाची, त्याचा प्रतिध्वनी लांबवावयाचा, की सारे संस्कार काढून घेऊन तो निर्मळ करावयाचा, हे सगळे हुकूम त्याला पायांनीच सोडावे लागतात, आणि त्यासाठी रंगमंचावर त्याच्या पुढ्यात बटणांची जी लांबट पेटी ठेवलेली असते तिला फूट कंट्रोलर म्हणतात. बेहरिंगर या जर्मन कंपनीची एफसीबी १०१० ही या वर्गातील बहुपरिचित पेटी. तिच्यावर १० क्रमांकित फूटस्विच, बँक वरखाली करणारे आणखी २, आणि उजव्या अंगाला २ एक्स्प्रेशन पेडल असतात. १० बँकांत, म्हणजे गटांत, प्रत्येकी १० याप्रमाणे १०० प्रीसेट, म्हणजे आधी नेमून ठेवलेले आदेश, तिच्या स्मरणात राहतात. परंतु कोणता स्विच कोणत्या कामावर नेमला जाईल हे कारखान्याला ठाऊक असणे शक्य नसल्यामुळे, पेटीवर छापलेले असतात ते नुसते आकडे. स्विचांजवळ लेबले लावून त्या आकड्यांना अर्थ देण्याचे काम वादकाकडे येते, आणि ते नीट करावयाचे तर दृष्टिशास्त्र आणि पदार्थविज्ञान या दोहोंची मदत घ्यावी लागते.

प्रथम लेबलावर मजकूर कोणता असावा ते पाहू. स्विच दाबला की १९८३ साली प्रचारात आलेल्या मिडी या संकेतपद्धतीनुसार, सेकंदाला ३१,२५० बिट या वेगाने, दोन बाइटांचा एक आदेश तारेतून जातो. त्याला एक मिलिसेकंदही लागत नाही. या आदेशातील प्रीसेटचा क्रमांक ० ते १२७ यांपैकी असतो, मात्र कित्येक यंत्रे तोच क्रमांक १ ते १२८ अशा गणनेने दाखवितात, आणि त्यामुळे एका यंत्रावरचा ४ तो दुसऱ्यावरचा ५ ठरतो. म्हणून लेबलावर क्रमांक लिहू नये असे माझे स्पष्ट मत आहे. क्रमांकांचा तपशील वहीत नोंदवावा, आणि लेबलावर कानाला जे ऐकू येणार तेच लिहावे: ‘सोलो’, ‘कोरस’, ‘डिले’.

आता अक्षरांचा आकार. निर्दोष मानलेली मानवी दृष्टी एका अंशाच्या साठाव्या भागाइतका, म्हणजे एका कलेचा, तपशील वेगळा ओळखू शकते, आणि अक्षर ओळखण्यासाठी त्याची उंची निदान पाच कलांची असावी लागते. उभ्या माणसाच्या डोळ्यापासून पायाजवळच्या स्विचापर्यंतचे अंतर दीड मीटर धरले, तर ही उंची सुमारे २.२ मिलिमीटर भरते. पण ही झाली चांगल्या उजेडातली किमान मर्यादा. रंगमंचावरील अंधुक प्रकाशात, गाता गाता एका ओझरत्या कटाक्षात वाचावयाचे अक्षर याच्या तिप्पट, म्हणजे ६ ते ७ मिलिमीटरांचे तरी ठेवावे. देवनागरीत लिहिणाऱ्याने याहून अधिक जागेची तजवीज करावी, कारण शिरोरेखेच्या वर वेलांटी आणि खाली उकार आले की त्याच पट्टीत मूळ अक्षराच्या वाट्याला फारच थोडी उंची उरते.

रंगाच्या बाबतीत फसगत होण्याचा संभव अधिक. घरच्या पांढऱ्या दिव्याखाली शुभ्र कागदावरचे तांबडे अक्षर उठून दिसते. तेच रंगमंचावरच्या तांबड्या प्रकाशझोतात जवळजवळ नाहीसे होते, कारण त्या प्रकाशात कागद आणि शाई दोन्ही तांबडाच प्रकाश परत पाठवितात. काळ्यावर पांढरे किंवा पांढऱ्यावर काळे हा विरोध मात्र कोणत्याही रंगाच्या प्रकाशात टिकतो. पृष्ठभाग चकचकीत नसावा. वरून येणारा झोत त्यावरून सरळ डोळ्यांत परावर्तित होतो आणि अक्षरे त्या झगमगाटात बुडतात.

लेबल कशाचे करावे, याची उत्तरे अनेक आहेत. १९५८ साली कॅलिफोर्नियात स्थापन झालेल्या डायमो कंपनीच्या उठावाच्या अक्षरांची फीत हे त्यांतले मला विशेष प्रिय उत्तर, कारण त्या फितीत शाई मुळीच नसते: ठशाच्या दाबाने रंगीत प्लास्टिक ताणले जाते, ताणलेल्या जागी सूक्ष्म पोकळ्या पडतात, त्या प्रकाश विखुरतात आणि तेवढाच भाग पांढरा दिसू लागतो. बुटाने पुसून जाईल असे तिथे काहीच नसते. फीत ताठ असल्यामुळे तिची टोके तेवढी उचलतात. घरच्या छपाईयंत्रावर काम करणाऱ्याने पारदर्शक फिल्मच्या मागील बाजूस अक्षरे उलटी छापून, तिच्या पाठीशी पांढरा चिकट कागद लावावा, म्हणजे शाई फिल्मच्या आश्रयाला राहते आणि बुटांची घासाघीस फिल्म सोसते. लेझर यंत्रात त्यासाठीच बनविलेली उष्णतारोधक फिल्म घालावी. टोनर हे वितळवून बसवावयाचे प्लास्टिकचे चूर्ण असल्याने साधी फिल्म त्या उष्णतेत आत वितळून चिकटते.

चिकटविण्यातही घाई नसावी. दाबाने चिकटणारा गोंद अर्धवट द्रवासारखा असतो. तो पत्र्याच्या खाचखळग्यांत सावकाश उतरतो, आणि अनेक फितींची पकड पूर्ण यावयास ७२ तासांपर्यंत अवधी लागतो. पत्रा आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडा करावा. लेबलाचे कोपरे गोल कापावेत, कारण सोलण्याचा ताण टोकदार कोपऱ्यावर एकवटतो आणि लेबल तेथूनच सुटू लागते.

उरला बँकांचा प्रश्न: बँक बदलली की त्याच स्विचाचा अर्थ बदलतो, आणि कायमचे लेबल खोटे ठरते. लाइन ६ कंपनीने २०१५ साली आणलेल्या हेलिक्स या यंत्रात स्विचांजवळ छोटे पडदे बसवून त्याचा निकाल लावला. पण साध्या पेटीच्या मालकाने त्यासाठी कष्टी होऊ नये. दर बँकेची स्वतंत्र चुंबकीय पट्टी करून गाण्यानुरूप बदलता येते, मात्र पत्रा लोखंडी हवा. अ‍ॅल्युमिनियमवर चुंबक धरत नाही. माझ्या मते याहूनही श्रेयस्कर मार्ग म्हणजे प्रत्येक बँकेत ‘सोलो’ एकाच जागी ठेवणे, म्हणजे लेबल एकदाच करावे लागते आणि पायालाही जागेची सवय होते.

वाचकांपैकी जे हे काम हाती घेतील त्यांना एवढीच विनंती की, प्रथम साध्या कागदावर नमुना छापून तो स्विचांजवळ ठेवावा, गिटार गळ्यात अडकवून उभे राहावे, खोलीतील दिवा मालवून एक तांबडा दिवा लावावा, आणि जो शब्द पहिल्या दृष्टिक्षेपात वाचता येणार नाही तो आखूड करावा. फिल्मला कात्री त्यानंतरच लावावी.