घाट उतरणारी सायकल

सायकल आपल्याला नवी नाही. बाजाराला जायला, दूध घालायला ती लागतेच. पण हल्ली तरुण पोरे निराळी सायकल मागतात. तिचे टायर जाड असतात. टायरवर खोल खाचा असतात. तिला गिअर असतात. ही डोंगरी सायकल.

ही अमेरिकेत कॅलिफोर्नियात निघाली. 1976 साली तिथल्या मरिन भागात काही तरुण जुन्या जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगराच्या कच्च्या वाटेने शर्यत लावू लागले. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या हबात असे. पेडल उलटे दाबले की तो लागे. खाली येईपर्यंत हब इतके तापे, की आतले ग्रीस जळून धूर निघे. मग हब खोलून पुन्हा ग्रीस भरायचे. त्यावरून त्या वाटेला ‘रीपॅक’, म्हणजे ‘पुन्हा भरा’, असेच नाव पडले. सांगायचे ते हे, की उतारावर पहिली गोष्ट ब्रेक. ब्रेकचे रबर झिजले असेल तर आधी ते बदला. पावसात रिम ओली झाली की रबर लवकर पकडत नाही, तेव्हा वेग आधीच कमी करा. पुढचा ब्रेक एकदम दाबू नका. दोन्ही ब्रेक बेताने दाबा आणि अंग जरा मागे ठेवा.

परवा एक शेतकरी माझ्याकडे आले. म्हणाले, “गुरुजी, पोराला सायकल घेतली. आता हेल्मेट मागतोय, हातमोजे मागतोय, चष्मा मागतोय. हे नखरे का गरज?”

मी विचारलं, “जातो कुठल्या वाटेनं?”

“घाटानं. रोज उतरतो कॉलेजला.”

“मग हेल्मेट आजच घ्या. बाकीचं पीक विकल्यावर.”

हाताचे हाड मोडले तर जुळते. डोक्याचे तसे नाही. म्हणून हेल्मेटचा नंबर पहिला. त्याच्या आत थर्माकोलसारखा जाड थर असतो. आपण पडलो की तो थर दबतो आणि धक्का आपल्यावर घेतो. पण एकदा दबला की तो परत फुगत नाही. म्हणून जोरात आपटलेले हेल्मेट वरून चांगले दिसले तरी टाकून द्यावे. कोणाचे वापरलेले स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नये. ते कुठे आपटले होते, हे आपल्याला काय ठाऊक?

दुकानात ते डोक्यावर घालून बघावे. कपाळ झाकले पाहिजे. भुवईच्या वर दोन बोटे जागा राहावी. पट्टा न लावता मान हलवली तर ते गळू नये. पट्टा हनुवटीखाली असा लावा, की आत एक-दोन बोटेच जातील. पट्टा सैल ठेवला तर पडताना हेल्मेट आधी उडते, डोके मागून आपटते. “पोर वाढतंय, मोठंच द्या,” असे सदऱ्यासारखे हेल्मेट घेऊ नका. मोटारसायकलचे हेल्मेट सायकलवर जड होते. चढावर घामाने जीव जातो आणि पोरगा ते हँडलला अडकवून ठेवतो.

मग हातमोजे. माणूस पडताना हात पुढे करतोच. मी तरुणपणी खडीवर घसरलो होतो. तळव्याची साल निघाली. पंधरा दिवस हातात खडू धरता येईना, फळ्यावर पोरांनाच लिहायला लावले. साधे, तळव्याला जाड असलेले हातमोजे पुरतात. खडकाळ वाटेने जाणाऱ्याने गुडघ्याला आणि कोपराला गादी बांधावी. डांबरी रस्त्याने जाणाऱ्याला तिची तितकी निकड नाही. चष्मा साध्या पांढऱ्या काचेचा असला तरी धूळ आणि चिलटे अडतात.

चपलेवर डोंगरात जाऊ नका. मागे बंद असलेला बूट घाला. पायजम्याची मोरी चेनमध्ये जाते, तिला क्लिप लावा किंवा सुतळीने बांधा.

अंधार पडायच्या आत घरी यायचे ठरवले तरी पंक्चर काही विचारून होत नाही. म्हणून पुढे पांढरा दिवा, मागे तांबडा दिवा ठेवावा. पंप, सोल्यूशन, रबराचे तुकडे आणि एक जादा ट्यूब पिशवीत असू द्या. यात एक गोम आहे. साध्या सायकलचा वॉल निराळा. जाड टायरच्या पुष्कळ सायकलींना मोटारसायकलसारखा वॉल असतो. घरचा जुना पंप त्याला बसेलच असे नाही. तेव्हा पंप घेताना सायकल दुकानात सोबत न्या आणि तिथेच हवा भरून बघा.