कीटकभक्षी दवबिंदूची घरगुती जोपासना

खत व पाणी यांवाचून रोप पोसत नाही, हा शेतकऱ्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव होय. परंतु मूठभर शेणखताने किंवा विहिरीच्या पाण्याने दगावणारी एक वनस्पती आपल्या शेजारीच आहे. तिचे नाव दवबिंदू. सोलापूरला लागून असलेल्या सातारा जिल्ह्यात, कास पठारावरील जांभ्या खडकाच्या पातळ, ओलसर मातीत ती पावसाळ्यात उगवते.

अशा मातीत नत्र अत्यल्प असते व जे असते तेही पावसाने वाहून जाते. ही उणीव दवबिंदू कीटकांपासून भरून काढतो. त्याच्या पानांवरील तंतूंच्या टोकांशी चिकट थेंब असतात. त्यांत चिलट अडकले की तंतू त्याकडे वाकतात, पाचक रस सुटतो आणि नत्र पानात शोषले जाते. चार्ल्स डार्विन यांनी १८७५ साली अशा वनस्पतींवर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. अन्न मात्र दवबिंदू इतर झाडांप्रमाणे सूर्यप्रकाशातच तयार करतो. कीटक हे त्याचे खत होय.

माती : सोलापूरकडील काळी, चुनखडीयुक्त जमीन या रोपास मानवत नाही. तळाशी छिद्रे असलेल्या प्लास्टिकच्या कुंडीत पीट व स्वच्छ धुतलेली वाळू समभाग भरावी. वाळूवर शिरका टाकून पाहावा. फसफसल्यास तीत चुना आहे असे समजून ती वर्ज्य करावी. कोणतेही खत घालू नये.

पाणी : पहिल्या सरी वाहू देऊन नंतरचे पागोळीचे पाणी झाकणाच्या पिंपात साठवावे. पाण्याची परीक्षा सोपी आहे. थोडे पाणी स्वच्छ ताटलीत सुकू द्यावे. पांढरा थर उरल्यास ते क्षारयुक्त आहे. कुंडी बशीत ठेवून बशीत बोटाच्या पेराहून कमी पाणी राखावे. दर आठवड्यास ते ओतून बशी घासावी, अन्यथा डासांची पैदास होईल.

पेरणी व निगा : बी धुळीसारखे बारीक असते. ते पावसाळ्याच्या आरंभी पृष्ठभागावरच भुरभुरावे, मातीने झाकू नये. उगवण सावकाश होते. रोपास सकाळचे ऊन द्यावे, दुपारच्या कडक उन्हापासून जपावे. मांस, भात वगैरे पानांवर ठेवू नये. उघड्यावरील रोप आपले भक्ष्य आपण मिळविते. कीटकनाशक फवारू नये. कासच्या पठारावर उगवणारी गुलाबी दवबिंदूची जात वर्षायू आहे. बी धरून ती वाळली, तर निगेत चूक झाली असे मानू नये. बी कागदाच्या पुडीत कोरडे ठेवावे.

बी किंवा रोप रोपवाटिकेतूनच घ्यावे. कास हे राखीव वन असून २०१२ पासून जागतिक वारसा स्थळांत गणले जाते. तेथून रोप उपटून आणणे गैर आहे. आणलेले रोप येथील मातीत जगतही नाही.

दवबिंदूमुळे शेतातील कीड किंवा घरातील डास हटतील, ही आशा व्यर्थ होय. तथापि गावच्या शाळेत त्याची एक कुंडी ठेवून शेजारी ज्वारीचे रोप लावावे. एकाचे पोषण ते दुसऱ्याचे मरण, हे मुले डोळ्यांनी पाहतील. खताची मात्रा ठरविण्यापूर्वी माती व पाणी यांची तपासणी का करावी, हे ग्रामसेवकांना त्यावरून शेतकऱ्यांस सहज पटवून देता येईल.