किण्वपेशींतील पेप्टाइड-संकेत

पाव फुगविणारे किण्व, म्हणजे सॅकॅरोमायसीस सेरेव्हिसी, स्वतः हालचाल करू शकत नाही. त्याच्या एकगुणित पेशी 'ए' आणि 'आल्फा' अशा दोन प्रकारच्या असून संयोग केवळ भिन्न प्रकारांतच घडतो. मग या पेशी परस्परांस शोधतात कशा? आल्फा पेशी एक विसरणशील द्रव्य बाहेर सोडतात, असे डुंट्झे, मॅके व मॅनी यांनी १९७० साली दाखविले. ते द्रव्य पुढे १३ अमिनो आम्लांचे पेप्टाइड ठरले.

परिणाम घडविण्यासाठी या पेप्टाइडास पेशीत शिरावे लागत नाही. ए पेशीचे पटल सात वेळा छेदणारे स्टी-२ हे ग्राही प्रथिन त्यास बाहेरच धरते. काही नॅनोमोलर संहतीही त्यास पुरते. ग्राहीची रचना बदलताच आतील जी-प्रथिनाचे घटक विलग होतात आणि बीटा-गॅमा हा जोडघटक संदेश पुढे नेतो. (पाठ्यपुस्तकांत हे श्रेय बहुधा आल्फा-उपघटकास दिलेले असते; येथे ते लागू नाही.) त्यापुढे कायनेज विकरांची साखळी आहे. परिणामी पेशीविभाजन जी-१ अवस्थेत थांबते व पेशी संकेताच्या दिशेने निमुळती वाढू लागते.

एका प्रकारच्या पेशीत दुसऱ्या प्रकारचे ग्राही निर्माण केल्यास ती त्या ग्राहीच्या पेप्टाइडास प्रतिसाद देते, असे बेंडर व स्प्रेग यांस १९८६ साली आढळले. अर्थात ओळख ग्राहीत आहे. आतील यंत्रणा दोहोंस समान.

खरे कोडे निराळेच आहे. ए पेशी ज्या संकेताची वाट पाहते, त्याचेच तुकडे करणारे बार-१ हे विकर ती बाहेर सोडते. हे विकर नसलेल्या उत्परिवर्ती पेशी अतिसंवेदनशील असतात, तथापि जोडीदाराची निवड त्यांस नीट साधत नाही. कारण उघड आहे: पेप्टाइड सर्वत्र साचले की सर्व बाजूंची ग्राही प्रथिने व्यापली जातात आणि दिशा उरत नाही. पेशीची लांबी अवघी पाच मायक्रॉनच्या आसपास. दोन टोकांतील संहतीचा फरक मुळातच अल्प. शिवाय जोडीदार नसताना विभाजन थांबविणे म्हणजे वाढीची संधी गमावणे होय. विकर साचलेला संकेत पुसते व जवळच्या पेशीकडील उतार शाबूत ठेवते.

पेशी एकाच वेळी जी-१ मध्ये थांबविण्यासाठी बार-१ रहित वाण सोयीचे, कारण पेप्टाइड थोडे लागते. परंतु जोडीदार-निवडीच्या प्रयोगांत त्या वाणाचे निष्कर्ष वन्य वाणास सरसकट लावता येणार नाहीत.